डबा रुळावर स्थिरावेपर्यंत

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती मी बरीच वर्षे जमवत आलो, पण त्या सगळ्या तयार मिळालेल्या होत्या. सुट्या भागांच्या किटमधून प्रवासी डबा स्वतः जोडण्याचे काम मी पहिल्यांदाच हाती घेतले. किट प्लॅस्टिकचे होते आणि त्याचे प्रमाण खऱ्या डब्याच्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६ असे होते. या प्रमाणात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर ठेवतात. १४३५ मिलिमीटरच्या खऱ्या मार्गाचा हिशेब केला तर ते १८.८३ यायला हवे, त्यामुळे काटेकोर मंडळींना ही तडजोड खटकते. मला मात्र तिचा त्रास झाला नाही.

भाग कापून त्यांच्या कडा कानशीने साफ केल्यावर मी सांगाडा आधी गोंदाविना जुळवून पाहिला. अशा किटसाठी गोंद म्हणून वापरायचे पातळ द्रावण प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन्ही कडा एकजीव करते, म्हणून एकदा लावल्यावर चूक सुधारणे फार अवघड जाते. बारीक कुंचल्याचे टोक सांध्याला नुसते टेकवले की द्रावण आपोआप फटीतून पुढे धावते. ती ओली रेघ कोपऱ्यापर्यंत सरकताना पाहणे हा या कामातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे. प्रत्येक कोपरा गुण्याला लावून तपासला आणि सांगाडा सपाट काचेवर रात्रभर ठेवला.

बाजूच्या भिंती जोडण्यापूर्वीच रंगवल्या, हे योग्यच झाले. खिडक्यांच्या बाबतीत मात्र माझी घाई नडली. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद मी वापरला आणि त्याच्या वाफेने सकाळपर्यंत तीन खिडक्यांवर पांढुरके धुके साचले. त्या काढून नव्या बसवताना साधा पांढरा गोंद घेतला. तो वाळायला वेळ लावतो, पण वाळल्यावर पारदर्शक होतो.

खरी परीक्षा बोगींची होती. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण येथे बोगी म्हणजे डब्याखाली वळणारी चाकांची चौकट. दोन्ही बोगी स्क्रूने सारख्याच घट्ट बसवून डबा रुळावर ठेवला, तेव्हा एका कोपऱ्यातले चाक रुळापासून केसभर वर राहिले आणि गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा रुळांचा सांधा येताच डबा घसरला. चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर मोजले, ते १४.५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर होते. दोन संध्याकाळी मी सांगाडाच पिळला असावा असे समजून तो पुनःपुन्हा काचेवर टेकवत होतो, पण दोष तेथे नव्हता. चार पायांचे टेबल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते आणि तिवई डुगडुगत नाही, हे लक्षात आल्यावर उलगडा झाला. डब्यालाही तीनच आधार हवे होते.

म्हणून एका बोगीच्या मध्यखिळीच्या डावी-उजवीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यामुळे ती मागे-पुढे झुकते, पण डब्याला बाजूला कलू देत नाही. दुसरी बोगी फक्त मधल्या वॉशरवर टेकवून तिचा स्क्रू सैल ठेवला, म्हणजे ती सर्व बाजूंनी डुलू शकते. शिवाय डबा फारच हलका वाटत होता, तेव्हा प्रत्येक आसामागे साधारण २५ ग्रॅम असे धरून एकूण वजन १०० ग्रॅम होईल इतक्या पोलादी पट्ट्या फरशीवर मधोमध बसवल्या.

त्यानंतर त्याच सांध्यावरून डबा मी हाताने ढकलून, मग इंजिनामागे जोडून, दोन्ही दिशांनी वीस-वीस वेळा नेला. आठही चाके रुळावर टेकलेली राहिली. छत मात्र अद्याप चिकटवलेले नाही, कारण आतली बाके रंगवायची आहेत.