आमची वाटचाल : एका शाफ्टने शिकवलेले

आमच्या कारखान्याच्या पहिल्या काही वर्षांच्या हिशेबवह्या उघडल्या, तर कटिंग ऑइलपासून झाडूपर्यंत प्रत्येक गोष्टीचे खाते त्यांत सापडते. प्रशिक्षणाचे मात्र सापडत नाही. दोन लेथ आणि चार माणसे घेऊन सुटे भाग बनवायला सुरुवात केली, तेव्हा आमची समजूत अशी होती की माणूस तयारच घ्यावा, आणि तसा न मिळाल्यास नव्याला जुन्याच्या शेजारी उभे करावे. पाहून पाहून तो शिकेल. पुढे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी यंत्रे आली, माणसे वाढली, तरी ही समजूत तशीच राहिली.

ती मोडली एका शाफ्टमुळे. 100 मिलिमीटर व्यासाच्या त्या पोलादी शाफ्टला, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या दांड्याला, जेमतेम 0.02 मिलिमीटरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, होता. यंत्रावर माप बरोबर येई, आणि ग्राहकाकडून तोच माल कमी मापाचा म्हणून परत येई. आम्ही ऑपरेटर बदलले, मायक्रोमीटर तपासून आणला, एका तरुण ऑपरेटरला तर मी सर्वांसमोर नको ते बोललो. कारण साधे निघाले. यंत्रावरून नुकताच उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, गरम असतो, आणि तापमानात 20 अंशांचा फरक असला तर एवढ्या व्यासाचे पोलाद 0.02 मिलिमीटरहून थोडे अधिकच प्रसरण पावते. म्हणजे गरम असताना बरोबर भरलेले माप निवल्यावर टॉलरन्सबाहेर जाणारच. मापनासाठी 20 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान जगभर ठरवून दिलेले आहे, ते याच कारणासाठी. कामासाठी यंत्र लावून देणारे आमचे ज्येष्ठ सेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते जॉब निववूनच मोजत असत. इतकी वर्षे हे कोणाला सांगितले का नाही, असे मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "कोणी विचारले नाही, साहेब. आणि सांगायला वेळ कधी दिलात?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी आधी जे केले, ते चुकीचेच होते. बाहेरून व्याख्याते बोलावून दिवसभराचे शिबिर घेतले, सर्वांना वह्या वाटल्या, आणि पंधरवड्यात त्यातले कोणालाही काही आठवेनासे झाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला होता आणि तो सुरुवातीलाच सर्वाधिक असतो, हे 1885 साली मांडले होते. आमच्या शिबिरातले शब्द निरर्थक नव्हते. पण जे हातात उतरत नाही, त्याची गत फारशी वेगळी होत नाही.

मग आठवड्यातून तीनदा, शिफ्टच्या वेळेतच, अर्धा तास यंत्रे थांबवून शिकायचे असे ठरवले. शिफ्ट संपल्यावर थांबवून शिकवणे आम्हाला स्वस्त पडले असते, परंतु त्यातून शिकणे ही तुमची खासगी हौस आहे, एवढाच निरोप माणसांपर्यंत पोहोचला असता. पद्धत आम्ही जुनीच घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतील नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी जो कार्यक्रम राबवला गेला, त्यात काम शिकवण्याचे चार टप्पे होते: शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. आमच्याकडे इतकी वर्षे दुसऱ्या टप्प्यावरच सगळे आटोपत असे. तिसऱ्या टप्प्यात शिकणाऱ्याने काम करता करता प्रत्येक कृतीचे कारण मोठ्याने सांगायचे असते, आणि त्याला काय कळलेले नाही हे तिथेच उघडे पडते.

खरी अडचण वेगळीच होती. काकांना शिकवायला सांगितले, तेव्हा ते महिनाभर टाळत राहिले. आपल्याला येणारे सगळ्यांना येऊ लागले, तर आपली गरज काय उरणार, ही त्यांची भीती मला उशिरा कळली, आणि ती अवाजवी नव्हती, कारण एकट्यालाच येणाऱ्या कामाचा भाव आम्हीच वाढवून ठेवला होता. त्यामुळे पगारवाढीचा हिशेब बदलला. भिंतीवर कौशल्यांचा तक्ता लावला; प्रत्येक कामासाठी एक चौकोन, आणि त्याची एकेक बाजू क्रमाने भरायची. शिकतो आहे, देखरेखीखाली करतो, स्वतंत्रपणे करतो, आणि चौथी बाजू दुसऱ्याला शिकवून तयार केल्यावरच. वरची पगारवाढ या चौथ्या बाजूला जोडली. त्यानंतर काकांना आग्रह करावा लागला नाही.

ज्या ऑपरेटरला मी बोललो होतो, त्याची सर्वांसमोरच माफी मागितली. याचा परिणाम आधी उलटाच दिसला: रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा, आकडा वाढला. चुका वाढल्या नव्हत्या, भंगारात गुपचूप जाणारे जॉब आता टेबलावर येऊ लागले होते.

शिकवलेली माणसे सोडून जातील, असे मला अनेक हितचिंतकांनी सांगितले होते, आणि दोन चांगले ऑपरेटर खरोखरच मोठ्या कारखान्यांत गेले. ड्रॉइंग वाचणे आणि प्रोग्रामिंग ही कुठेही चालणारी कौशल्ये आहेत, तेव्हा त्यांना बाहेर मागणी असणारच. करारपत्र लिहून घेण्याचा सल्ला मी मानला नाही. नाइलाजाने थांबलेला माणूस दुसऱ्याला मनापासून शिकवील, असे मला वाटत नाही. त्यांतला एक परत आला असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते, पण तो आलेला नाही. त्यांच्या यंत्रांवर मात्र दुसऱ्याच दिवशी काम सुरू होते, कारण चौकोनाच्या तीन बाजू भरलेली माणसे तयार होती.

रात्रीच्या शिफ्टचे चौकोन अजूनही बरेच रिकामे आहेत. माल पाठवण्याची तारीख जवळ आली की शिकण्याचा अर्धा तास पहिल्यांदा तिथेच कापला जातो, आणि तो कापण्याच्या कागदावर सही माझीच असते.