आमची वाटचाल : बोअरच्या गाडीपासून जमिनीतल्या एसीपर्यंत

वडिलांची बोअरची गाडी होती. माण-खटाव, कोरेगाव भागात ते पाण्यासाठी बोअर मारायचे. मी साताऱ्यात एसी आणि सोलर गिझर बसवायचो. जमिनीत पाइप सोडून घर गार किंवा गरम करता येतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘पाणी लागलं नाही तरी चालतं का?’ चालतं. पाइपात आपलंच पाणी फिरतं आणि घरातली उष्णता जमिनीत सोडतं, उपसा काहीच नाही. पण ओला खडक उष्णता लवकर ओढून घेतो, म्हणून कोरडा बोअर लागला की मी आजही जरा नाराज होतो. कुठे कठीण काळा पाषाण लागेल, कुठे मऊ मांजऱ्या खडक, हे त्यांचं ज्ञान मात्र आयतं मिळालं.

गिऱ्हाईक विचारतं, ‘साहेब, किती टन?’ बाजारात शंभर-सव्वाशे चौरस फुटाला एक टन असा हिशेब चालतो. आम्ही आधी गच्चीवर जातो. उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत, खिडक्यांच्या काचा, घरात माणसं किती, सगळं मोजतो. स्लॅबवर इन्सुलेशन केलं तर मशीनही लहान लागतं आणि बोअरही कमी. उगाच मोठं मशीन घेतलं तर पावसाळ्यात ते खोली पटकन गार करून थांबतं आणि खोलीतला दमटपणा तसाच राहतो.

खरा खर्च जमिनीखाली आहे. 3 टन म्हणजे साधारण 10.5 किलोवॅट उष्णता घरातून काढायची. त्यात कॉम्प्रेसरची वीज मिळवली की जमिनीत 13 किलोवॅट सोडावी लागते. बोअरच्या मीटरमागे 40 वॅट धरले तर 330 मीटर, म्हणजे साडेतीनशे फुटांहून थोडे खोल असे तीन बोअर, एकमेकांपासून किमान वीस फुटांवर. अमेरिकेतला टनाला 150-200 फूट बोअरचा ढोबळ हिशेब थंड जमिनीचा आहे. आपल्याकडे काही मीटर खाली जमीन वर्षभर 25 अंशांच्या आसपास असते. त्यात आपण तिला वर्षातला बहुतेक काळ उष्णताच देतो, परत घेत नाही. मग ती दरसाल थोडी तापत जाते. म्हणून त्याच मशीनवर आंघोळीचं पाणी तापवायची सोय आम्ही आग्रहाने करतो. तेवढी उष्णता तरी जमिनीत जात नाही.

महाबळेश्वर-पाचगणीला थंडीत हीटिंगही लागतं, त्यामुळे तिथे हे गणित छान जुळतं. पण 2001 पासून तो भाग इको-सेन्सिटिव्ह आहे. बोअरचं नाव काढण्याआधी परवानगी बघायची. सांगलीकडच्या काळ्या रानात आडव्या चरांचा पाइप आम्ही टाळतो. ऐन उन्हाळ्यात, गारवा सगळ्यात जास्त हवा तेव्हाच, ती माती वाळून भेगाळते आणि पाइपाला सोडते.

आता कोटेशनमध्ये टनांच्या आधी स्लॅबचा खर्च आणि पाइपाचे फूट लिहितो. ते वाचून काही जण परत येत नाहीत. एकाच बेडरूमला गारवा हवा असेल त्याला आम्हीच सांगतो, इन्व्हर्टर एसी घ्या. ते काम अजून आम्ही करतो.