जुनी टू-वे स्पीकर जोडी: काम कुठवर आलं

दोन्ही वूफरना (खालचे स्वर काढणारे मोठे ड्रायव्हर) नवे सराउंड (कागदी कोनच्या कडेची लवचीक पट्टी) बसले, वूफर परत पेटीत गेले आणि स्पीकरची जोडी वाजायला लागली. जे नव्याने वाचताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बजेट छोटं, पण आवाज मात्र वरच्या दर्जाचा हवा. म्हणून नव्या टॉवर स्पीकरचा विचार बाजूला ठेवून, एका नावाजलेल्या कंपनीची वरच्या श्रेणीतली जुनी छोटी टू-वे, म्हणजे दोन ड्रायव्हरांची, जोडी सेकंडहँड घेतली. बंद पेटी, साडेसहा इंची वूफर, कापडी डोमचा ट्वीटर (वरचे स्वर काढणारा छोटा ड्रायव्हर).

छोटीच का, हे बरेच जण विचारतात. मोठ्या थ्री-वे स्पीकरमध्ये ड्रायव्हर जास्त, क्रॉसओव्हर (स्वर ड्रायव्हरांमध्ये वाटणारं सर्किट) किचकट, पेटी मोठी आणि तीही न थरथरणारी हवी. बजेट तेवढंच राहिलं तर प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला कमी पैसे येतात आणि कुठेतरी पाणी घातलं जातं. छोट्या टू-वेमध्ये तेच पैसे दोन चांगल्या ड्रायव्हरांवर आणि एका घट्ट पेटीवर खर्च होतात. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रसारणाच्या व्हॅनसाठी केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर आठवा. केईएफचे बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर, बुटांच्या खोक्याएवढी पेटी. खालचा बास त्यात नाहीच, पण माणसाचा आवाज असा खरा की आजही लोक तो शोधत फिरतात. मला आधी तो मधल्या स्वरांचा पट्टा, म्हणजे मिडरेंज, हवा आहे. बास नंतर जोडता येतो, बिघडलेला मिडरेंज मात्र कशानेही सुधारत नाही.

आता सराउंडबद्दल. फोमचा सराउंड वापरात नसला तरी हवा आणि दमटपणाने कुजतो, बोट लावलं की भुगा होतो. रबरी सराउंड बहुधा टिकतो. माझ्या जोडीत फोम होता आणि अपेक्षेप्रमाणे गेलेलाच होता. त्यामुळे ती आवाक्यात आली, हेही खरंच. कोनच्या कडेचा जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून हळूहळू खरवडला. इथे घाई केली तर कागदी कोन फाटतो. मग डस्ट कॅप (कोनच्या मधोमध असलेली टोपी) ब्लेडने कापून काढली आणि व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) व मधला लोखंडी खांब यांच्या फटीत प्लॅस्टिक फिल्मच्या पट्ट्या चहूबाजूंनी सारख्या सरकवल्या, म्हणजे कॉइल बरोबर मधोमध राहते. सराउंड चिकटवला, गोंद पूर्ण वाळू दिला, पट्ट्या काढल्या. त्यानंतर अंगठ्यांनी कोन समान दाबून कान जवळ नेला. जरासुद्धा घासल्यासारखा आवाज नको. शेवटी ३० हर्ट्झचा हलका टोन सोडला. कोन गुपचूप मागेपुढे होत राहिला तेव्हा कुठे नवी डस्ट कॅप लावली.

क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरच्या मार्गातला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर एका स्पीकरमध्ये मूळ मूल्यापासून बराच सरकलेला निघाला. दोन्ही बाजूंचे सारख्या मूल्याचे नवे बसवले. डावा-उजवा जुळला की गायक बरोबर मध्ये उभा राहतो, नाहीतर आवाज एका बाजूला कलतो. वायरी होत्या त्याच ठेवल्या. पुरेशी जाड तांब्याची वायर असली की माझ्या लेखी तो विषय संपला.

खरा फरक पडला तो जागेने. सुरुवातीला स्पीकरचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून ६० सेंमीवर होता. पुरुषाचा आवाज पोकळ वाटत होता, तबल्याच्या बायाला अंग नव्हतं. मेजरिंग माइक आणि रूम ईक्यू विझार्ड (खोलीतला आवाज मोजणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं तर १४० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा. हिशोब सरळ आहे. भिंतीपर्यंतचं अंतर तरंगलांबीच्या पाव भागाएवढं असलं की परतून आलेली लाट उलट्या फेजमध्ये येते आणि मूळ लाटेला खाते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे ६० सेंमीला सुमारे १४३ हर्ट्झ. स्पीकर पुढे ओढून दर्शनी भाग भिंतीपासून मीटरभरावर आणल्यावर तो खड्डा ८६ हर्ट्झच्या जवळ सरकला आणि उथळही झाला. त्याच रेकॉर्डिंगमध्ये गळ्याला छाती आली. तानपुऱ्याची जवारी आधी नुसती झिणझिण वाटायची, आता खालच्या षड्जातून उमलत वर जाणारे स्वर वेगवेगळे ऐकू येतात. हे ऐकून मी बराच वेळ जागचा हललो नाही. पैसा एकही लागला नाही, फक्त खोलीतली चालायची वाट थोडी अरुंद झाली.

एका मित्राच्या कितीतरी महागड्या जोडीशी तुलनाही केली. तुलनेआधी बसायच्या जागी पिंक नॉइज (मोजणीसाठी वाजवायचा खरखराट) मोजून दोन्हींची पातळी सारखी केली. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी 'चांगला' वाटतो, त्यामुळे पातळी जुळवल्याशिवाय काढलेल्या निष्कर्षाला मी किंमत देत नाही. बासची खोली आणि मोठ्या आवाजातला मोकळेपणा यांत त्याची जोडी सरळ पुढे आहे. पियानो आणि गायन यांत मात्र आम्हा दोघांनाही ठामपणे निवड करता आली नाही.

खरेदीच्या तयारीत असलेल्यांना एक आग्रहाने सांगतो: ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हरमन या ऑडिओ कंपनीत केलेलं काम जरूर वाचा. स्पीकर डोळ्यांआड ठेवून ऐकवला तर बहुतेकांना समोरचा प्रतिसाद (कोणत्या स्वराला किती जोर) सपाट आणि बाजूचा गुळगुळीत उतरत जाणारा स्पीकरच आवडतो. त्यामुळे मॉडेल निवडताना मी आधी स्पीकरच्या बाजूला वेगवेगळ्या अंशांवर मोजलेले आलेख पाहतो, पेटीवरचं लाकूड नंतर. सेन्सिटिव्हिटीही (तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो) बघा. ८४ डीबीच्या स्पीकरला ९० डीबीवाल्याएवढा आवाज काढायला चौपट वॅट लागतात, म्हणजे स्पीकरवर वाचवलेले पैसे अ‍ॅम्पमध्ये जाऊ शकतात.

राहिलंय ते ६० हर्ट्झच्या खालचं. बंद पेटीचा बास ऑक्टेव्हला (वारंवारता निम्मी होते तेवढ्या टप्प्याला) १२ डीबीने सावकाश उतरतो, त्यामुळे सबवूफर (फक्त खोल बाससाठीचा स्पीकर) जुळवणं तुलनेने सोपं जाईल. विचार बंद पेटीच्याच सबचा आहे, ८० हर्ट्झवर क्रॉस करून. त्याआधी स्टँडमध्ये कोरडी वाळू भरायची आहे आणि बाजूच्या भिंतींवर, पहिलं परावर्तन होतं त्या जागी, १० सेंमी जाडीचे रॉकवूलचे (आवाज शोषणारी दगडी लोकर) पॅनेल लावायचे आहेत. चौकटी कापून तयार आहेत, कापड ताणायचं बाकी आहे.