हर्णैचं ऊन आणि फ्लॅश

आज हर्णै बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाचे फोटो काढले. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे समुद्र मागे घेतला की सूर्यही मागेच येतो. सुवर्णदुर्ग सुरेख दिसतो, पण समोरच्या माणसाचा चेहरा काळा पडतो. टोपली घेऊन उभ्या असलेल्या मावशींचे डोळे पदराच्या सावलीत पार बुडाले होते.

अशा वेळी मी आधी आकाश धरतो, म्हणजे आकाश नीट येईल असा कॅमेरा लावतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११. बऱ्याच कॅमेऱ्यांचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, १/२०० किंवा १/२५० लाच थांबतो, त्यामुळे जास्तीचा उजेड ॲपर्चरनेच कमी करायचा. मग फ्लॅश दीड स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). सुरकुत्या, नथ, घामाचा थेंब सगळं दिसतं आणि फ्लॅश मारल्यासारखं वाटत नाही. पूर्ण जोर दिला की पापलेटची चंदेरी कातडी नुसती पांढरी होते, आणि मला ते मुळीच चालत नाही.

सूर्य उतरला तसं शटर १/६० वर आणलं. फ्लॅशचा उजेड क्षणभराचाच, त्यामुळे चेहरा तसाच राहिला, आकाश मात्र उजळलं. फ्लॅशवर फिकट नारिंगी जेलही (रंगीत पारदर्शक पट्टी) लावली, नाहीतर त्या उन्हात चेहरा निळसर वाटतो.

मावशींना स्क्रीनवर फोटो दाखवला. म्हणाल्या, "डोळे आले माझे!" प्रिंट काढून नेऊन देणार आहे.