कार्डावरचा दमलेला माणूस

एप्रिलमधली गोष्ट आहे, धारूर तालुक्यातलं एक गाव, नाव मुद्दाम देत नाही. दिवाळीच्या आगेमागे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेली माणसं साखर कारखाने बंद झाले की परत येतात आणि तेव्हा कुठं आमच्या बीडकडची गावं जरा भरल्यासारखी दिसतात, म्हणून फील्डवर्कला हेच दिवस धरले होते. ऊन असं की अंगणवाडी सकाळीच उरकावी लागते, साडेदहाला वरचा पत्रा तापला की लेकरं कुणाचं ऐकत नाहीत. तशी आधी पण ऐकत नाहीतच म्हणा.

काम दिसायला सोपं. सात कार्डं, प्रत्येकावर एक चेहरा, आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस आणि सातवा कोरा, म्हणजे काहीच भाव नसलेला. चेहरे आपल्याकडच्याच माणसांचे, नाटकात काम करणाऱ्या पोरापोरींचे फोटो काढून घेतलेले. लेकराला विचारायचं, ह्याला काय वाटायलंय? आणि आईला किंवा बापाला वेगळी प्रश्नावली. आईबापाला स्वतःच्या मनातलं कितपत कळतं, ते बोलता येतं का, आणि त्याचा तीन ते सहा वर्षांच्या लेकराच्या चेहरे ओळखण्यावर काय फरक पडतो, हे बघायचं होतं. या वयात हसरा चेहरा सगळ्यात आधी जमतो, भीती आणि आश्चर्य यात गल्लत होते, किळसेच्या चेहऱ्याला बरीच लेकरं सरळ 'रागावलाय' म्हणतात. त्यामुळं कुठल्या चुका येणार ते मला पाठ होतं, निदान मला तसं वाटत होतं.

हा गडी साडेचार वर्षांचा, खिचडीची वाटी सोडायला तयार नाही. पहिलं कार्ड दाखवलं, "हसायलाय." बरोबर. दुःखाचं दाखवलं तर म्हणाला "दमलाय". कोरा चेहरा दाखवला तरी "दमलाय". मला वाटलं लेकरू कंटाळलं, तेच तेच सांगायलंय, म्हणून जरा थांबून भीतीचं काढलं तर डोळे मोठे करून म्हणाला, "ह्याला उसात बिबट्या दिसला." आता हे लिहायचं कुठल्या रकान्यात? भावनेचं नाव तर घेतलं नाही, नाव न घेता अख्खा प्रसंगच सांगितला. नियमानं चूक. आश्चर्याला नुसतं "तोंड उघडलंय". आणि रागाचं कार्ड मी पाकिटातून निम्मं पण काढलं नव्हतं, भुवया तेवढ्या दिसत असतील, तर हा लगेच, "मुकादम!" किळसेला पण मुकादमच, म्हणजे ऊसतोडीला टोळी नेणारा ठेकेदार.

अंगणवाडीच्या ताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी मात्र त्या निम्म्या कार्डावर अडकले. अमेरिकेत सेथ पोलक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मार खाल्लेल्या लेकरांवर बरंच काम केलंय, अशा लेकरांना रागाचा चेहरा फार थोड्या खुणांवरून, इतरांच्या आधी ओळखू येतो. पण म्हणून ह्याला कुणी मारतंय असं एका कार्डावरून ठरवायचं नसतं, हे पण आम्हाला तितकंच घोकून घोकून शिकवलेलं असतं. पोरगं सहा महिने आईबापाबरोबर कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत राहून आलेलं. पहाटे काळोखात तोडीला बोलवायला कोण येतं आणि कुठल्या तोंडानं येतं हे त्यानं रोज बघितलेलं, एवढंच मी वहीत लिहिलं.

मग आईची प्रश्नावली. वीस वाक्यं असतात त्यात, आणि 'अजिबात नाही' पासून 'अगदी तसंच' पर्यंत पाच उत्तरं. स्वतःच्या भावना ओळखता न येणं, सांगता न येणं, याला अलेक्सिथायमिया म्हणतात, १९७० च्या दशकात पीटर सिफनिओस यांनी ग्रीकमधून बनवलेला शब्द, ही प्रश्नावली तेच मोजते. बाईला मी वाक्यं वाचून दाखवत होते आणि तिचं एकच, "तसलं काय नसतं म्याडम आमचं." म्हणलं बरं, वाईट वाटलं तर काय होतं? "आंग दुखतं." राग आला तर? "डोकं उठतं. दमल्यावानी होतं." भीती? "दमल्यावर कशाची भीती."

म्हणजे घरात शब्दच हा एक. पोरानं 'दमलाय' कुठून आणलं ते कळलं आणि खरं सांगते, मला आतून जरा बरं वाटलं की आपला विषय कसा चपखल सापडला. आईला नावं नाहीत म्हणून पोराला नावं नाहीत, झालं. (हा बाईचा स्वभाव धरायचा का सहा महिन्यांच्या मोळ्यांचा शीण, हे ती प्रश्नावली विचारतच नाही, ते वेगळं.)

पंधरावं की सोळावं वाक्य चालू असेल. पोरगं तिच्या मांडीवर पडलेलं, खिचडी संपलेली. बाई समोर भिंतीकडं बघत उत्तर देत होती, चेहरा एकदम सपाट, आमच्या सातव्या कार्डासारखा. पोरानं मान वर करून तिच्याकडं बघितलं, हनुवटीला बोट लावलं आणि मला म्हणालं,

"माय रडायलीय."

मी बघितलं. डोळे कोरडे, आवाज तोच, मला तरी काहीच दिसलं नाही. आणि चेहरे वाचायचं शिक्षण माझं झालंय.

"गप रे," बाई म्हणाली. "दमलेय मी." आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

राहिलेली वाक्यं मी पटापट उरकली, विचारायची हिंमत झाली नाही. ती गेल्यावर ताईंनी सांगितलं की सकाळीच मुकादमाचा माणूस दारात येऊन गेलता, उचलीतले, म्हणजे तोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे अंगावर राहिलेत, पुढच्या सीझनला परत जावंच लागणार. मागच्या वर्षी तिनं आता नाही जायचं असं ठरवलं होतं म्हणे.

संध्याकाळी गाईडना फोन लावला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आईचा चेहरा आपल्या टास्कमध्ये नाही, त्यामुळं तो धरता येणार नाही, 'मुकादम'ला रागाचा एक मार्क दे, बाकी नियमानं कर. बरोबरच आहे त्यांचं, उद्या प्रत्येक लेकराला वेगळा नियम लावला तर कशाला अर्थ राहणार नाही.

शीटवर त्याचे सातापैकी दोन आहेत. बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'माय रडायलीय' लिहून ठेवलंय आणि वेळ टाकलीय, दहा वाजून वीस मिनिटं.