केरीच्या किनाऱ्यावर नाइफने समुद्र

जानेवारीत तीन दिवस केरीला राहिले, ते फक्त पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट, लवचिक सुरीने, समुद्र रंगवायला. पेडणे स्टेशनला उतरून रिक्षा केली. गोव्याच्या उत्तर टोकाचा हा किनारा. तेरेखोल नदी इथे समुद्राला मिळते आणि पलीकडच्या टेकडीवर किल्ला दिसतो. सावंतवाडीकर भोसल्यांचा तो किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला.

पहिला दिवस वाया गेला. दुपारी चारला ईझल (चित्राचा स्टँड) लावला, तर सूर्य समोर. पाण्यावर नुसती चकाकी, रंग दिसेचना. वाऱ्याने वाळू उडून जाड पांढऱ्या रंगात बसली. ती काही निघत नाही, सगळं खरवडावं लागलं. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा सकाळीच बसा. ऊन पाठीमागून येतं आणि फुटायच्या आधी लाटेच्या पोटातला हिरवा दिसतो. साडेसात ते साडेनऊ, सुरूच्या आडोशाला.

दुसऱ्या सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झालेले एक आजोबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, नदीच्या तोंडाचं पाणी एवढं निळं कुठे असतं? खरंच होतं. मी ट्यूबमधला निळा लावत होते, समोरचं पाणी बघतच नव्हते. मग अल्ट्रामरीन या गडद निळ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातला, आणि केरीचं पाणी सापडलं. जांभ्याच्या खडकांनाही हाच सिएना. सावलीत त्यात अल्ट्रामरीन वाढवायचा, काळी ट्यूब उघडायचीच नाही.

फेसाने मला सर्वांत जास्त छळलं. ओल्या निळ्यावर पांढरा ओढला की दोन्ही मिसळून राखाडी चिखल होतो. तिसऱ्या दिवशी खालचा समुद्र आणि खडक पातळ ॲक्रिलिकमध्ये (पाण्यात मिसळणारा, लवकर वाळणारा रंग) केले, पूर्ण वाळू दिले आणि वर तैलरंग चढवला. (उलट करू नका, तेलावर ॲक्रिलिक धरत नाही.) नाइफच्या पात्याच्या खालच्या बाजूला टायटॅनियम व्हाइट (दाट पांढरा) भरपूर घ्या, पातं जवळजवळ आडवं धरा आणि दाब न देता ओढा. रंग तुटत तुटत जातो, मधून खालचं पाणी दिसतं. दर फटक्यानंतर पातं सुती फडक्याने पुसा.

तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन नेऊ नका. रेल्वेत ज्वलनशील सामानाला बंदी आहे आणि नाइफला त्याची गरजही नाही. जाड तैलरंग वाळायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून एकाच मापाचे दोन बोर्ड न्या. चारही कोपरे कोरे सोडा, तिथे बुचाचे तुकडे ठेवून बोर्ड समोरासमोर बांधा. माझे दोन्ही असेच घरी आले.