एफ टेन दाबलं की व्हाउचर गायब

२०१४ च्या एप्रिलची गोष्ट. ८ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद केला, आणि मस्जिद बंदरच्या ज्या पेढीचे अकरा पीसी मी सांभाळायचो तिथल्या शेठनी सांगून टाकलं, नवीन विंडोज घेणार नाही, मशिनं पण हीच चालवायची, तुझं ते फुकटवालं टाक. मी खुश. लुबुंटू म्हणजे जुन्या मशिनवर चालणारं हलकं लिनक्स टाकलं, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, शनिवार-रविवारात काम उरकलं.

एक गोष्ट मात्र मी अगदीच हलक्यात घेतली होती. हिशोबाचं सगळं काम मागच्या खोलीतल्या जुन्या एससीओ युनिक्स सर्व्हरवर चालायचं आणि पीसीवरनं तिथे जायला विंडोजचं एक विकतचं टर्मिनल एम्युलेटर होतं, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन पीसीवर दाखवणारा आणि इथली बटणं तिकडे पाठवणारा प्रोग्राम. म्हटलं लिनक्समध्ये टर्मिनल असतंच की, टेलनेट कमांडने सर्व्हरला जोडायचं, झालं.

सोमवारी साडेदहाला हिशोब लिहिणारे काका बसले. वीस वर्षं तेच व्हाउचर भरतायत, स्क्रीनकडे बघतही नाहीत, नजर कागदावर आणि बोटं चालू. पहिलीच तक्रार, "अरे हे चौकटीच्या जागी प्रश्नचिन्हं कसली आलीत?" जुना प्रोग्राम रेघा सीपी४३७ या जुन्या अक्षर-कोडमध्ये पाठवतो आणि नवीन टर्मिनल यूटीएफ-८ हा आजचा कोड समजून वाचतं, त्यामुळे रांगोळी. ते चाललं असतं एकवेळ. पण काकांनी सेव्हसाठी एफ टेन दाबलं तर टर्मिनलचा स्वतःचाच फाईल मेनू उघडला! तो शॉर्टकट मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केला, परत दाबलं, तर अख्खं व्हाउचर गायब आणि पार्टीच्या नावात २१ आणि एक वेलांटीसारखं चिन्ह.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बटण एकच, पण प्रत्येक टर्मिनल त्याच्यासाठी वेगळी अक्षरं पाठवतं. इथून जात होतं एस्केप, मग चौकटी कंस, २१, टिल्डा. एससीओला हवं होतं एस्केप, कंस आणि मोठा व्ही. प्रोग्रामने एस्केप पाहिला, कॅन्सल केलं, उरलेलं टाईप झालं समजून लिहून टाकलं. काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवला फक्त. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

मग वाईनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तेच जुनं एम्युलेटर चालवून पाहिलं, चाललं पण प्रिंट देईना. एक्सटर्म, कॉन्सोल अशी लिनक्सची दुसरी टर्मिनलं पाहिली, प्रत्येकात काहीतरी अडायचंच. जेवणाच्या सुट्टीत पुट्टी नावाचं फुकटचं टर्मिनल आठवलं. खरं सांगतो, मी त्याला विंडोजवाल्यांचं खेळणं समजायचो, लिनक्सवर पण मिळतं हे माहीत होतं पण लिनक्सवर ते कोण टाकणार असं वाटायचं. त्याच्या सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर बघतो तर फंक्शन कीजच्या यादीत सरळ एससीओ असा पर्याय! कॅरेक्टर सेट सीपी४३७ केला, टर्मिनल टाईपमध्ये, म्हणजे आपण कोणतं टर्मिनल ते सर्व्हरला सांगणाऱ्या नावात, एक्सटर्म होतं तिथे अ‍ॅन्सी टाकलं. रेघा सरळ, एफ टेनला सेव्ह.

राहिला प्रिंटर. तो १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स पीसीलाच लावलेला, सर्व्हर एस्केप, कंस, ५, आय पाठवून सांगतो की आता येतंय ते स्क्रीनवर नको, प्रिंटरवर टाक, आणि ४, आय आला की थांब. पुट्टीत त्याचीही सोय आहे, लिनक्सवर प्रिंटरच्या नावाच्या जागी कमांड द्यायची, मी एलपीआर ही छपाईची कमांड रॉ, म्हणजे आलंय तसंच प्रिंटरला पाठव, या ऑप्शनसकट दिली. पहिल्यांदा रॉ विसरलो होतो म्हणून अर्धं रीम वाया गेलं, शेठना सांगितलं नाही.

सव्वापाचला काका परत बसले. सकाळची राहिलेली सगळी व्हाउचरं कागदाकडे बघत सटासट भरली, प्रिंट फाडून हातात धरली, नीट तपासली.

"अक्षर जरा बारीक आहे रे."

स्क्रीनवरचा फॉन्ट दोन पॉइंटने मोठा केला, बाकीच्या दहा मशिनवर तीच सेटिंग फाईल टाकली आणि ७:१२ ची डोंबिवली पकडायला पळालो.